सोळा बरण्या

४ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. खरं तर ती बरण्यांची आहे. खालच्या मजल्यावरच्या फॅक्टरीवाल्या ताईंनी बजावलंय की बरणी भरली की तारीख लिहायची, आत काय घातलं ते लिहायचं, किती वेळ उकळली तेही लिहायचं. भाज्या डबाबंद करायच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं देखरेख केली. त्यांना स्वप्नंसुद्धा तारीख टाकूनच पडत असणार. मी म्हटलं, शंभर पानी वही आणलीच आहे तर चार शब्द स्वतःचेही लिहू.

कारण असं की ह्यांचं पोट बिघडलंय. बावीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली आणि बावीस वर्षं रस्त्याकडेला जेवले. मागच्या महिन्यात कंपनीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पोटात व्रण आहे, तिखट, आंबट, तळलेलं बंद, घरचं साधं जेवायचं. मार्चअखेरीला पुन्हा तपासणी. तेव्हा फरक दिसला नाही तर गाडी काढून घेणार आणि डेपोत खिडकीमागे बसवणार. त्या दिवशी हे घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले. ज्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बाजारात चालत जायचा कंटाळा येतो, पण अकरा तास गाडी हाकायचा येत नाही, त्याला खिडकीमागे बसवणं म्हणजे झाड उपटून कुंडीत लावणं. ते मी होऊ देणार नाही.

अडचण एवढीच की सोमवारी आणि गुरुवारी हे पहाटे निघतात आणि संध्याकाळी पलीकडच्या गावी पोचतात. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत मुक्काम, तिथे ना शेगडी ना काही. सकाळी दिलेला डबा संध्याकाळपर्यंत नासतो. म्हणून बरण्या. ताईंनी परवा आख्खी दुपार घालवून शिकवलं.

आज आठ भरल्या. शेंगा, बटाटा, गाजर, लसूण. प्रत्येकीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस. दीड तास उकळत्या पाण्यात. गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि 'टक्' वाजतं. आठ वेळा टक् ऐकलं आणि मगच जेवले.

८ मार्च

काल पहिली बरणी गेली, आज रिकामी परत आली. धुतलेलीसुद्धा, हे नवलच. मी विचारलं, गार कसं खाल्लंत, तर म्हणाले, गार कशाला, ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावरचं झाकण तापतं, त्यावर फडक्यात गुंडाळून ठेवली, संध्याकाळपर्यंत छान कोमट राहते. ह्यांचं डोकं असल्या गोष्टीत बरोबर चालतं.

चव विचारली. "बरी आहे. जरा आंबट आहे."

ताईंना सांगितलं तर त्यांनी लगेच पाढा सुरू केला. खायच्या आधी बरणी उघडून दहा मिनिटं रटरटून उकळायची. कोमट चालणार नाही. आणि लिंबू कमी करायचं नाही. आंबट नसलेली भाजी बंद करायची तर कारखान्यातल्यासारखा मोठा दाबाचा हंडा लागतो, साध्या उकळत्या पाण्याने भागत नाही. मी म्हटलं, अहो, बिघडलं तर वास येईलच की. तर म्हणतात, "जे नासतं त्याला वास येतो. जे मारतं त्याला येत नाही." संध्याकाळच्या वेळी असलं अभद्र बोलायची त्यांना सवयच आहे. बस थांबवून रस्त्यात शेगडी पेटवू का आता?

१३ मार्च

आज हे घरी. दुपारी पडल्या पडल्या जुन्या जेवणांची यादी लावली. पुलाच्या अलीकडे एक बाई माशाचं गरम सूप द्यायची, वाडग्यावर ताटली झाकून. घाटाच्या वर भाजलेली कणसं. त्याच्यापुढे एका टपरीत अंडी आणि नुकताच भट्टीतून निघालेला पाव, इतका गरम की फुंकत फुंकत धरायचा. सांगताना डोळे मिटले होते. बायकोच्या माहेरची नावं ह्या माणसाला आठवत नाहीत, पण बावीस वर्षांतलं एकेक वाडगं तोंडपाठ. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. रस्त्यावर जेवणं म्हणजे ह्यांचं अर्धं सुख होतं.

लेकही बापावरच गेलीय. तीही तिकडेच, पलीकडच्या गावी शिकते. सुट्टी संपवून निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, तुलाही बरण्या पाठवीन बाबांबरोबर. नाक मुरडून म्हणाली, "आई, मला नको तुझं बाटलीतलं. तिकडे काय मस्त मस्त मिळतं." मैत्रिणीसमोर म्हणाली. मीही सांगून टाकलं की ठीक आहे, एकही येणार नाही. तेव्हापासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. ह्यांना ताकीद दिलीय, तिला भेटा, हवं तर बाहेर चहा पाजा, पण बरणी फक्त तुमची.

१५ मार्च

ह्यांच्या छातीत पुन्हा जळजळ. तीन बरण्या खाऊन झाल्या आणि ही गत. जेवण साधं, तेल चमचाभर, तिखटाचं नाव नाही. मग राहिलं काय? लिंबू. प्रत्येक बरणीत दोन मोठे चमचे. व्रणावर लिंबू चोळल्यावर काय होणार? कंपनीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, आंबट बंद. डॉक्टर मोठे की कारखाना मोठा? उरलेल्या आंबट बरण्या मीच संपवते.

तपासणीला बारा दिवस राहिलेत.

१८ मार्च, सोमवार

नवी खेप. सोळा बरण्या. शेंगा, बटाटा, गाजर, लसूण, मीठ. लिंबू नाही. उकळायचा वेळही पन्नास मिनिटांवर आणला, कारण दीड तासात शेंगांचा पार लगदा होत होता आणि ह्यांना लगदा आवडत नाही. सोळाच्या सोळा टक् वाजल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? झाकण बसलं म्हणजे बसलं. शेगडीवरच्या फळीवर मांडल्या. तिथे कोरडं आणि उबदार असतं.

जिन्यात ताई भेटल्या. वास आला म्हणाल्या, भरल्यास का आज? मी म्हटलं, हो.

"लिंबू घातलंस ना?"

"घातलं की."

का असं म्हणाले कोण जाणे. नाही म्हटलं असतं तर जिन्यातच तासभर शाळा भरली असती. त्यांचं वय झालं, त्यांना वाईट वाटायला नको.

२४ मार्च

नव्या खेपेतली एक बरणी घरी उघडून पाहिली. पातेल्यात चांगली रटरटून घेतली, मला वाफाळतं जेवण लागतं. अप्रतिम. लिंबाशिवाय गाजराची गोडी वर येते. मला काही झालं नाही. ताईंना सांगायची फार इच्छा झाली, पण झाकली मूठ ठेवलेली बरी.

२७ मार्च

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, गाडी चालू ठेवा, तीन महिन्यांनी बघू. हे जिना दोन दोन पायऱ्या चढून वर आले. जळजळ दहा दिवसांत एकदाही नाही. मला म्हणाले, "तू वाचवलंस गं मला." एवढं ह्यांनी लग्नातसुद्धा म्हटलं नव्हतं. मी भांडी घासत राहिले, कारण वळले असते तर रडले असते.

२ एप्रिल

कालच्या फेरीची बरणी परत आली नाही. फुटली म्हणाले. मागच्या आठवड्यातही एक फुटली होती. एवढी गाडी अलगद चालवणारा माणूस, बरणी कशी हातातून सुटते? आणि फुटली सांगताना चेहरा कसा, जसा काही लाडू चोरून खाल्ला. मी म्हटलं, आता लोखंडी डबे देते तुम्हाला.

कंडक्टर वर आला होता चहाला. ह्यांच्याबरोबर नऊ वर्षं आहे. ह्यांच्या जेवणाचं कौतुक डेपोभर झालंय म्हणाला, दोघं ड्रायव्हर विचारत होते, वहिनी आम्हालाही भरून देतील का. मला तर गुदगुल्याच झाल्या. 'रस्त्यावरचं घरचं जेवण', असं काहीतरी नाव द्यावं. त्यालाच पहिली देऊ केली तर हात जोडून म्हणाला, नको वहिनी, समोर शिजताना दिसल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही. काही माणसं जन्मभर संशयीच राहायची.

७ एप्रिल

गंमत झाली. फळीवरची एक बरणी अशी टच्च भरली होती की झाकण वर आलं होतं. उघडल्यावर सुस्स आवाज आला आणि बारीक बुडबुडे वर आले, सोड्याच्या बाटलीसारखे. वास काही वाईट नव्हता, थोडा कुबट म्हणता येईल. क्षणभर मनात आलं की ताईंना दाखवावी. पण मग लिंबाचा विषय निघाला असता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. अन्न टाकवत नाही म्हणून खळखळून उकळली, दोन दिवस खाल्ली. ठणठणीत आहे मी. बाकीच्यांची झाकणं बोटाने दाबून बसवली.

११ एप्रिल, गुरुवार

आज पहाटे दोन बरण्या दिल्या. हे जरा उतरल्यासारखे वाटतात, पोट बरं झालं तर भूकही वाढली असेल. दोन का, म्हणून विचारलं नाही, उलट खूश दिसले. फडक्यात नीट गुंडाळून दिल्या, म्हटलं, ह्या तरी फोडू नका.

१२ एप्रिल

आले. एक रिकामी, एक फुटली. आता मी बोलणंच सोडलंय.

तोंडाला कोरड पडलीय म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पितायत. पापण्या जड. जेवायला बसले तर भात घशात अडकला, ठसका लागला. चहा द्यायला कंडक्टरला थांबवलं तर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, ह्यांनी आज दोनदा गाडी थांबवून समोरची काच पुसली. काच स्वच्छ होती." मी म्हटलं, उन्हाने होतं. तो चहा अर्धाच टाकून गेला.

झोप काढली की बरं वाटेल. बावीस वर्षांची झोप साठलीय.

१३ एप्रिल

हे झोपले, उठले, पुन्हा झोपले. उठल्यावर म्हणाले, सगळं दोन दोन दिसतंय. मी म्हटलं, मग दोन बायका दिसत असतील, मजा आहे तुमची. हसले, पण तोंडाची एकच बाजू हसली असं वाटलं. औषधाच्या दुकानातून डोळ्यांत घालायचे थेंब आणले. ताप नाही, पोट दुखत नाही, जळजळ नाही, म्हणजे काळजीचं काही नसावं. पोट तर उत्तम आहे.

ह्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, की कंपनीला कळू देऊ नकोस. एक डोळा मिटला की एकच रस्ता दिसतो, तेवढ्यावर गाडी चालते. ह्यांचा जीव गाडीत आहे, मी काय ते जाणत नाही?

१४ एप्रिल, रविवार

गरम काही गिळवत नाही. आवाज नाकातून येतोय, सर्दी नसताना. अंगात शक्ती नाही, कारण दोन दिवस पोटात काही नाही. सरळ हिशेब आहे. मग फळीवरची एक बरणी उघडली, भाजी चमच्याने मऊ कुसकरली, कोमट पाणी घालून पातळ केली आणि घोट घोट भरवली. गरम केली नाही, गरम उतरत नाही म्हणून. अर्धी वाटी गेली. अर्धी नाकातून परत आली. मी पुसून घेतलं. लहान मुलाला भरवल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला लिहू, फार भीती वाटली.

ताई दारात येऊन गेल्या. ह्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने. मी म्हटलं, उद्या ड्यूटी आहे त्यांची, थकवा आहे. असं माझ्याकडे बघत राहिल्या की मला दार लावून घ्यावं लागलं.

उद्यासाठी बरणी काढून ठेवलीय. नको, तिकडे हे एकटे, भरवणार कोण? तरी ठेवते.

१५ एप्रिल, सोमवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. हात दुसऱ्या कशात लागत नाही.

पहाटे हे उठले, गणवेश चढवला. बटणं लावायला हात वर जाईना. मी लावली. एकेक बटण लावताना म्हणत होते, एक डोळा मिटतो, एक डोळा मिटतो. मी बूट घातले. मी, माझ्या हातांनी, त्यांना गाडीवर पाठवायला तयार केलं. बेचाळीस माणसं असतात त्या गाडीत.

कंडक्टर बोलवायला आला. ह्यांनी त्याच्याकडे पाहायला मान मागे टाकली, कारण पापण्या उघडत नव्हत्या, पापण्यांखालून बघायला मान मागे टाकावी लागत होती. तो दारातच उभा राहिला. त्याने खांद्यावरची तिकिटांची पिशवी काढली आणि आमच्या टेबलावर ठेवली.

"वहिनी, नऊ वर्षं ह्यांच्या मागे डोळे मिटून बसलो. आज ही गाडी निघणार नाही. घंटी मी देतो, आणि आज मी देणार नाही."

हे चिडले. चिडून काय बोलले ते कळलं नाही, शब्दच बनत नव्हते. मग आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यातून खाली आणलं. ताई आमच्या पुढे उतरत होत्या, प्रत्येक वळणावर दारं उघडून धरत होत्या.

डॉक्टर आधी मेंदूचा झटका म्हणाल्या. डोक्याचं चित्र काढलं, ते स्वच्छ निघालं.

१६ एप्रिल, सकाळी

छाती नीट फुगत नाही म्हणून रात्रीच नळी घालून यंत्र लावलंय. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणतात, बेशुद्ध नाहीत, सगळं ऐकू येतं त्यांना, फक्त स्नायू ऐकत नाहीत.

आज सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, काय खाल्लं होतं, घरी बंद डब्यातलं, बाटलीतलं काही? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "बरण्या असतात हिच्या. पण त्या मी शिकवल्यात. लिंबू घालते ती, मी स्वतः विचारलंय तिला." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं, गावाला जाऊन आलात का, कुठे जखम झाली होती का.

मी काही बोलले नाही.

बोलायला हवं होतं का? मला काय कळतं? मी स्वतः तेच खाल्लंय, मला काही झालेलं नाही. ताई इतक्या खात्रीने बोलल्या, कंडक्टर बघत होता, परिचारिका बघत होती. लिंबाने काय होतं एवढंसं?

१६ एप्रिल, दुपारी

वरचं लिहून वही मिटली. बसवेना. पुन्हा उघडून १८ मार्चचं पान वाचलं. मग ७ एप्रिलचं. माझंच अक्षर. मी हे सगळं लिहीत होते आणि वाचत नव्हते.

ताई पाण्याच्या नळाशी उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "ताई, मी खोटं बोलले. लिंबू घातलं नव्हतं. वेळही कमी केला. हे कोमट खायचे, इंजिनावर ठेवून."

त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी पेला नळाखाली तसाच ठेवून दिला. "मी सांगितलं डॉक्टरांना," एवढंच म्हणाल्या, "मी छातीठोक सांगितलं." मग त्यांनीच माझं मनगट धरलं आणि डॉक्टरांच्या खोलीपर्यंत ओढत नेलं. मी वही पुढे केली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या पानं वाचली आणि दुसऱ्याच पानावर फोनकडे हात नेला. आजाराचं नाव सांगितलं, मला लिहिता येणार नाही. विष बरणीत तयार होतं, उकळलं की मरतं, म्हणून मी वाचले. कोमटाने वाढतं. त्यावर उतारा आहे, पण तो इथे नाही, दुसऱ्या शहरातून येतोय. जेवढा लवकर मिळेल तेवढा उपयोग. जे स्नायू गेलेत ते लगेच परत येणार नाहीत, आठवडे लागतील, कदाचित महिने. उतारा फक्त पुढचं थांबवतो.

सकाळी सांगितलं असतं तर पाच तास आधी फोन गेला असता. हे डॉक्टर म्हणाल्या नाहीत. मीच मोजलं.

१७ एप्रिल

पहाटे उतारा आला, सकाळी दिला. आता वाट पाहायची.

दहा वाजता डॉक्टर माझ्याजवळ बसल्या. ह्या खेपेच्या बरण्या किती आणि कुठे गेल्या, एकेक सांगा. मी वही उघडली. सोळा भरल्या. फळीवर पाच आहेत, त्या कंडक्टर हातमोजे घालून घेऊन आलाय. घरी तीन उघडल्या. ह्यांच्याबरोबर आठ गेल्या, पाच रिकाम्या आल्या, तीन फुटल्या.

"फुटल्या? गाडीत?" कंडक्टर म्हणाला. "वहिनी, गाडी मी झाडतो. काचेचा तुकडा मला नऊ वर्षांत सापडलेला नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, उजव्या हाताचं पहिलं बोट अजून थोडं हलतं. हात धरा आणि हो-नाही असं उत्तर येईल असं विचारा. एकदा दाबलं तर हो.

मी त्यांचा हात हातात घेतला. केवढा जड. म्हटलं, अहो, मी रागावणार नाही. फुटल्या नव्हत्या ना बरण्या?

बोट एकदा टेकलं.

कोणाला दिल्यात? दुसऱ्या ड्रायव्हरला? काही नाही. प्रवाशाला? काही नाही. डेपोतल्या कोणाला? काही नाही. मी थांबले. मला कळलं होतं. खूश चेहरा, फुटली सांगतानाचं ते चोरटं हसू, सगळं एकदम कळलं. ताईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

लेकीला?

बोट टेकलं, आणि उचललंच नाही.

तिला मी काहीच कळवलं नव्हतं. परीक्षा चालू आहे, उगाच घोर नको म्हणून. आणि खरं कारण, आधी तिने फोन करावा म्हणून. तिथेच पलंगाशी उभी राहून फोन लावला.

"आई? तू?" तिला नवल वाटलं. मी विचारलं, बाबांनी बरण्या दिल्या होत्या का. म्हणाली, चिडू नकोस, मीच मागितल्या. बाबा तीन वेळा घेऊन आले. पहिल्या दोन वेळा आम्ही दोघं त्यांच्या आवडीच्या टपरीवर सूप प्यायलो आणि बरणी मी घेऊन आले, खोलीवर चांगली उकळून खाल्ली. त्यांना काही झालं नाही सुपाने, खरंच. तिसरी परवा संध्याकाळी काढली, अभ्यासामुळे गरम करायला वेळ नव्हता, तशीच खाल्ली. "तुला सांगणार होते, आई. फार छान होती. तेव्हा उगीच बोलले मी."

तिचे शब्द नाकातून येत होते. मी विचारलं, आवाज असा का येतोय तुझा.

"सर्दी होणार बहुतेक. आणि सकाळपासून पुस्तकातल्या ओळी दोन दोन दिसतायत. जागरणं चाललीयत ना. झोप काढली की बरं वाटेल."

मी म्हटलं, फोन ठेवू नकोस. झोपू नकोस. फोन ठेवू नकोस. डॉक्टरांनी माझ्या हातातून तो घेतला, ती कुठे राहते, जवळ कोण आहे, पाणी गिळता येतंय का, असं एकेक शांतपणे विचारायला लागल्या, आणि दुसऱ्या हाताने परिचारिकेला खूण केली की त्या शहराला पुन्हा फोन लावा, अजून एक उतारा लागणार, आणि तो तिकडे पाठवायचा.

मी पलंगावर ह्यांच्याजवळ बसले. डोळे मिटलेले, यंत्राचा श्वास चालू. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांचं बोट माझ्या तळहातावर टेकत होतं, पुन्हा पुन्हा टेकत होतं, आणि मी काहीच विचारलेलं नव्हतं.